जीवाणूंमधील जनुकांची रांग शोधणारा संशोधक : मिलिस्लाव डेमेरेक

पन्नाशीच्या उंबरठ्यावर, नावलौकिक मिळालेला असताना, एखाद्या शास्त्रज्ञाने आपला अभ्यासविषयच बदलावा, असे क्वचितच घडते. मिलिस्लाव डेमेरेक यांनी ते धाडस केले. मका आणि फळमाशी यांच्या आनुवंशिकतेवर अडीच दशके काम केल्यानंतर ते जीवाणूंकडे वळले आणि या सूक्ष्म जीवांमध्ये जनुकांची मांडणी किती शिस्तबद्ध असते, हे त्यांनी जगाला दाखवून दिले.

डेमेरेक यांचा जन्म ११ जानेवारी १८९५ रोजी कोस्टाजनिका या गावी झाला. हे गाव तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होते. आज ते क्रोएशियात आहे. क्रिझेव्ह्त्सी येथील कृषी महाविद्यालयातून १९१६ साली पदवी घेतल्यावर, पहिले महायुद्ध संपताच, १९१९ मध्ये ते अमेरिकेस गेले. कॉर्नेल विद्यापीठात मक्याच्या आनुवंशिकतेवर संशोधन करून १९२३ साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. त्याच वर्षी ते न्यूयॉर्कजवळील कोल्ड स्प्रिंग हार्बर येथील कार्नेगी संस्थेच्या विभागात रुजू झाले आणि पुढील जवळपास चार दशके तेच त्यांचे कर्मस्थान राहिले.

१९४१ साली तेथील प्रयोगशाळेची धुरा त्यांच्याकडे आली. माणसे हेरण्याची त्यांची दृष्टी विलक्षण होती. कायमस्वरूपी जागेच्या शोधात असलेल्या बार्बरा मॅक्लिंटॉक यांना त्यांनी त्याच वर्षी आपल्याकडे बोलावले. १९५० मध्ये आल्फ्रेड हर्शी आले आणि दोनच वर्षांत, जनुकीय द्रव्य म्हणजे डीएनए, या निष्कर्षाला बळ देणारा प्रसिद्ध प्रयोग तेथे झाला. या दोघांनाही पुढे नोबेल पारितोषिक मिळाले.

दुसऱ्या महायुद्धात पेनिसिलिनचा तुटवडा होता. डेमेरेक यांनी पेनिसिलियम बुरशीवर क्ष-किरणांचा मारा करून तिची नवनवी रूपे निर्माण केली. त्यांतील एका वाणाने पेनिसिलिनचे उत्पादन जवळपास दुप्पट केले. सूक्ष्म जीवांचे सामर्थ्य त्यांना या काळात जवळून दिसले. १९४५ साली त्यांनी उगो फानो यांच्यासह जीवाणूभक्षक विषाणूंवर महत्त्वाचा निबंध लिहिला आणि फळमाशी मागे पडली.

त्यांचे सर्वांत मोलाचे काम मात्र पन्नाशीनंतरचे आहे. माणसाला काही अमिनो आम्ले अन्नातूनच मिळवावी लागतात. साल्मोनेला हा जीवाणू मात्र साखर आणि थोडे क्षार मिळाले की सर्व वीस अमिनो आम्ले स्वतः तयार करतो. प्रत्येक आम्ल टप्प्याटप्प्याने घडते आणि प्रत्येक टप्प्यासाठी एक विकर, म्हणजे एन्झाइम, लागते. ते विकर घडवण्याची आज्ञा जनुकात असते. एखादे जनुक बिघडले की साखळी तुटते आणि ते आम्ल बाहेरून दिल्याशिवाय जीवाणूची वाढ होत नाही.

अशी अनेक 'अपंग' रूपे डेमेरेक यांनी जमवली. जीवाणूच्या गुणसूत्राचा जेमतेम एक टक्का भाग एका जीवाणूतून दुसऱ्यात वाहून नेणारा विषाणू त्यांच्या हाताशी होता. दोन जनुके या इवल्याशा तुकड्यातून वारंवार एकत्र प्रवास करत असतील, तर ती शेजारी असणार, हे उघड होते. या प्रयोगांत त्यांची कन्या झ्लाटा आणि सहकारी फिलिप हार्टमन यांचाही वाटा होता.

निष्कर्ष चकित करणारा होता. ट्रिप्टोफॅन आणि हिस्टिडिन घडवणारी जनुके गुणसूत्रावर एकमेकांना खेटून बसलेली आढळली. ट्रिप्टोफॅनच्या बाबतीत तर त्यांचा क्रमही निर्मितीच्या टप्प्यांशी जुळत होता. फळमाशीत वा मक्यात एकाच कामाची जनुके सामान्यतः विखुरलेली दिसत. त्यामुळे हा निव्वळ योगायोग तर नव्हे, अशी शंका येणे स्वाभाविक होते. डेमेरेक यांची भूमिका ठाम होती : ही मांडणी उपयोगाची नसती, तर उत्क्रांतीच्या ओघात ती केव्हाच मोडली असती.

तो उपयोग कोणता, याचे उत्तर १९६० साली पॅरिसहून आले. फ्रान्स्वा जाकोब, जाक मोनो आणि सहकाऱ्यांनी 'ऑपेरॉन'ची कल्पना मांडली. शेजारची जनुके एकाच कळीने चालू वा बंद होतात. पेशीत ट्रिप्टोफॅन मुबलक असले की त्याची सगळी रांग एकदम थंडावते आणि शक्तीचा अपव्यय टळतो. अर्थात, निसर्गाचा हा एकमेव मार्ग नाही. ई. कोलाय जीवाणूत आर्जिनिनची बरीच जनुके विखुरलेली असूनही एकाच नियंत्रकाचे ऐकतात. हिस्टिडिनच्या जनुकांचा क्रमही टप्प्यांशी पूर्णपणे जुळत नाही, हे पुढे स्पष्ट झाले. परंतु रांगेकडे पाहण्याची दृष्टी दिली ती डेमेरेक यांनीच.

१९६० साली निवृत्त झाल्यावरही ते थांबले नाहीत; ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत त्यांनी साल्मोनेलावरील काम पुढे नेले. १२ एप्रिल १९६६ रोजी त्यांचे निधन झाले. जीवाणूंच्या जनुकांना नावे कशी द्यावीत, याची एकसूत्री पद्धत सुचवणारा त्यांचा व तीन सहकाऱ्यांचा निबंध त्यानंतर काही महिन्यांनी प्रसिद्ध झाला. कार्यदर्शक तीन अक्षरे आणि त्यापुढे जनुकाची ओळख सांगणारे एक अक्षर, अशी ती साधी रीत. जगभरच्या प्रयोगशाळांत जीवाणूचे जनुक आजही त्याच रीतीने लिहिले जाते. ती घालून देणाऱ्याचे नाव मात्र फारसे कुणाच्या ओठी नसते.