स्कुकुझा

दक्षिण आफ्रिकेच्या ईशान्य सीमेला लागून क्रूगर राष्ट्रीय उद्यान हे विस्तीर्ण अरण्य पसरले आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १९ हजार चौरस किलोमीटर आहे. सिंह, हत्ती, जिराफ, झेब्रे आणि नाना जातींची हरणे तेथे मोकळेपणाने वावरतात. या अरण्यातील मुख्य ठाण्याचे नाव स्कुकुझा असे आहे. मुळात मात्र हे एका माणसाला मिळालेले टोपणनाव होय.

त्या माणसाचे खरे नाव जेम्स स्टीव्हन्सन-हॅमिल्टन. त्यांचे घराणे स्कॉटलंडमधील जमीनदारांचे. जन्म मात्र डब्लिन शहरी, इ. स. १८६७ मध्ये झाला. तरुणपणीच ते ब्रिटिश घोडदळात शिरले. ज्या बोअर युद्धात गांधीजींनी जखमी सैनिकांची शुश्रूषा केली, त्याच युद्धात हेही इंग्रजांच्या बाजूने लढले. हे युद्ध ज्यांच्याशी झाले, त्या ट्रान्सवाल राज्याचे अध्यक्ष पॉल क्रूगर यांनी १८९८ मध्ये साबी व क्रोकोडाइल या नद्यांमधील मुलूख वन्य प्राण्यांसाठी राखून ठेवला होता. परंतु पुढच्याच वर्षी युद्ध पेटले आणि ते अभयारण्य केवळ कागदावर उरले.

१९०२ मध्ये युद्ध संपले, आणि जुलैमध्ये साबीच्या अधीक्षकपदी स्टीव्हन्सन-हॅमिल्टन यांची नेमणूक झाली. काम कसे करावे, याविषयी वरिष्ठांनी तपशीलवार सूचना अशी दिलीच नाही. सर्वांना अप्रिय होण्यास कचरू नये, एवढाच काय तो आदेशाचा आशय. बैलगाडीत सामान भरून अंगाने ठेंगणा पण काटक असा हा अधिकारी त्या हिवतापग्रस्त मुलखात दाखल झाला. पाहतो तो शिकारी व सैनिक यांनी अरण्य जवळजवळ निःसत्त्व करून टाकलेले!

त्यांनी पहिला नियम केला तो असा की, अभयारण्यात कोणीही शिकार करू नये. नियम करणे सोपे असते. तो बलवंतांना लावणे कठीण. पोलीस खात्यातील अधिकारी चोरून शिकार करताना आढळले, तेव्हा त्यांच्यावरही खटले भरण्यास ते कचरले नाहीत. अरण्यात वस्ती करून राहिलेल्या आफ्रिकी लोकांनाही त्यांनी बाहेर काढले. दोन ते तीन हजार माणसांना आपली घरे व शेते सोडावी लागली. तेथील लोकांनी त्यांना स्कुकुझा म्हणण्यास प्रारंभ केला तो तेव्हापासून. झाडून साफ करणारा, असा त्या शब्दाचा अर्थ सांगतात. या नावात धाक आहे, तसे दुःखही आहे. पिढ्यान्‌पिढ्या त्या भूमीवर नांदलेल्यांना कोणी विचारलेसुद्धा नाही, ही गोष्ट त्यांच्या चरित्रातून वगळता येत नाही. पुढे काही वर्षांनी ही हकालपट्टी थांबली आणि उरलेली कुटुंबे तेथेच राहिली. अरण्याच्या कामाला त्यांचेच हात लागत होते.

राखणीचे काम तरी कसले होते? मोजके गोरे वनरक्षक आणि त्यांच्या हाताखाली आफ्रिकी शिपाई, एवढेच मनुष्यबळ. वनरक्षक घोड्यावरून आणि शिपाई पायी, असे दिवसचे दिवस फिरत. मातीतील पावले ओळखावीत, आकाशात गिधाडे घिरट्या घालताना दिसली की तिकडे वळावे, झुडपांत लावलेले फास काढून टाकावेत, वणवा पसरू नये म्हणून जाळरेषा आखाव्यात आणि रात्री शेकोटीपाशी पडावे, असा हा क्रम. दर महिन्याला प्रत्येक वनरक्षकाने लेखी अहवाल धाडावा, असा अधीक्षकांचा दंडक असे. ते स्वतःही नेमाने दैनंदिनी लिहीत. पायी हिंडणाऱ्या त्या शिपायांची नावे मात्र फारशी कोणी लिहून ठेवली नाहीत. वास्तविक अरण्याची खरी जाण त्यांनाच अधिक होती.

या कामात प्राणावर कसे बेतत असे, हे हॅरी वोल्हूटर या वनरक्षकाच्या एका प्रसंगावरून कळेल. ऑगस्ट १९०३ मधील गोष्ट. गस्तीहून परतताना सोबत्यांना मागे ठेवून तो घोड्यावरून पुढे निघाला होता. अंधार पडत होता. एकाएकी सिंहाने घोड्यावर झेप घेतली. वोल्हूटर खाली पडला तो दुसऱ्या सिंहाच्या पुढ्यातच! त्या सिंहाने त्याचा उजवा खांदा जबड्यात धरून त्याला फरफटत नेले. तशा स्थितीत त्याने डाव्या हाताने कमरेचा सुरा चाचपून काढला आणि सिंहाच्या छातीत व गळ्यात खुपसला. सिंह दूर झाला. वोल्हूटर कसाबसा झाडावर चढला आणि शुद्ध हरपली तर खाली पडू नये म्हणून त्याने पट्ट्याने स्वतःला फांदीशी बांधून घेतले. दुसरा सिंह झाडाखाली येऊन घुटमळू लागला, तेव्हा त्याच्या इमानी कुत्र्याने भुंकून भुंकून त्याला थोपवून धरले. मागून आलेल्या सोबत्यांनी त्याला वाचविले व कित्येक दिवसांची वाट तुडवीत उपचारासाठी नेले. बरा होऊन तो पुन्हा त्याच कामावर रुजू झाला आणि १९४६ पर्यंत तेथेच राहिला. तो सुरा आजही स्कुकुझा येथे जतन केलेला आहे.

आरंभी हरणांची संख्या वाढावी म्हणून स्टीव्हन्सन-हॅमिल्टन सिंहांना मारवीत असत. पुढे वर्षानुवर्षांच्या निरीक्षणाने त्यांचे मत पालटले. सिंह हाही अरण्याच्या व्यवस्थेचाच एक घटक आहे, हे त्यांना पटले.

पहिल्या महायुद्धात ते पुन्हा सैन्यात गेले. १९२० मध्ये परत आले, तो अभयारण्यावर नवेच संकट! कोणाला तेथे मेंढ्या चारावयाच्या होत्या, तर कोणाला खाणी काढावयाच्या होत्या. पण १९२३ मध्ये रेल्वेने सहलीच्या गाड्या सुरू केल्या. रात्री अरण्यात गाडी थांबे, आणि प्रवाशांना तोच मुक्काम सर्वांत अधिक आवडे. लोकांना अरण्य दाखविले तरच ते वाचेल, हे त्यांनी ओळखले आणि राज्यकर्त्यांकडे सतत पाठपुरावा केला. ३१ मे १९२६ रोजी संसदेने कायदा संमत केला आणि साबीचे अरण्य उत्तरेकडील शिंगवेड्झीच्या अरण्यासह राष्ट्रीय उद्यान झाले. त्याला नाव मिळाले ते क्रूगर यांचे. ज्यांच्या राज्याशी ते लढले, त्यांच्याच नावाच्या वनाची राखण आता त्यांच्याकडे आली!

१९२७ मध्ये पर्यटकांच्या केवळ तीन मोटारी आल्या. पुढच्या वर्षी १८० आल्या. मोटारींची ही गर्दी त्यांना मनापासून रुचत नसे. अरण्याचे प्राणिसंग्रहालय होऊ नये, असे त्यांना वाटे.

१९३६ मध्ये साबी ब्रिज या ठाण्याला स्कुकुझा हे नाव देण्यात आले. १९४६ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, ते सेवानिवृत्त झाले आणि उद्यानाजवळच व्हाइट रिव्हर येथे राहिले. तेथेच १० डिसेंबर १९५७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांची पत्नी हिल्डा १९७९ मध्ये निवर्तली. त्यानंतर उभयतांची रक्षा स्कुकुझाच्या दक्षिणेस असलेल्या शिरिमांटांगा या खडकाळ टेकडीवर विखुरण्यात आली.