लुई वेन यांची मांजरे आणि एक गैरसमज

मानसशास्त्राच्या अनेक पाठ्यपुस्तकांत मांजरांच्या आठ चित्रांची एक मालिका छापली गेली. पहिले चित्र हुबेहूब मांजराचे, पुढची अधिकाधिक नक्षीदार आणि शेवटच्या चित्रात मांजर ओळखूही येत नाही. स्किझोफ्रेनियात मन कसे ढासळत जाते, याचा हा पुरावा मानला गेला. ही चित्रे इंग्लिश चित्रकार लुई वेन यांची.

वेन यांचा जन्म ५ ऑगस्ट १८६० रोजी लंडनमध्ये झाला. वडील कापडाच्या व्यवसायात होते, तर फ्रेंच वंशाची आई गालिच्यांची नक्षी तयार करत असे. जन्मतः ओठ दुभंगलेला असल्याने डॉक्टरांच्या सल्ल्यावरून लुईंना दहाव्या वर्षापर्यंत शाळेत घातले नाही. १८८० मध्ये वडील वारले आणि विशीतल्या लुईंवर आई व पाच बहिणींची जबाबदारी पडली. नियतकालिकांसाठी प्राण्यांची आणि कृषी प्रदर्शनांची चित्रे काढून ते घर चालवू लागले.

१८८४ मध्ये त्यांनी बहिणींना शिकवणाऱ्या एमिली रिचर्डसन यांच्याशी विवाह केला. एमिली दहा वर्षांनी मोठ्या असल्याने त्या काळी याची बरीच चर्चा झाली. लवकरच एमिलींना स्तनाचा कर्करोग असल्याचे निदान झाले. क्ष-किरणांचा शोधही तोवर लागलेला नव्हता. रेडिओथेरपी व केमोथेरपी तर दूरच. या दांपत्याने भटक्या मांजराचे एक काळेपांढरे पिल्लू घरी आणले होते. त्याचे नाव पीटर. अंथरुणाला खिळलेल्या पत्नीचे मन रमावे म्हणून वेन पीटरची चित्रे काढत. ती प्रसिद्ध करावीत, असा आग्रह एमिलींनीच धरला. १८८६ च्या नाताळात ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’मध्ये त्यांचे सुमारे १५० मांजरांचे चित्र छापून आले आणि ते घरोघरी पोहोचले. काही दिवसांतच, जानेवारी १८८७ मध्ये, एमिलींचे निधन झाले.

पुढे चहा पिणारी, गोल्फ खेळणारी वेन यांची मांजरे अफाट लोकप्रिय झाली. व्यवहारात मात्र ते कच्चे होते. हक्क राखून न ठेवता चित्रे विकल्याने पैसा हाती राहिला नाही. उतारवयात त्यांचा स्वभाव संशयी आणि आक्रमक झाला. १९२४ मध्ये त्यांना मनोरुग्णालयाच्या गरिबांसाठीच्या विभागात दाखल करावे लागले. पुढच्या वर्षी ही बातमी फुटली, लेखक एच. जी. वेल्स यांच्यासह अनेकांनी मदतीचे आवाहन केले आणि त्यांना बेथलेम रुग्णालयात हलवण्यात आले. १९३० पासून ते नॅप्सबरी रुग्णालयात होते. तिथे बाग होती, मांजरे होती. अखेरच्या काळातही त्यांचा हात चालू होता. ४ जुलै १९३९ रोजी त्यांचे निधन झाले.

ती प्रसिद्ध मालिका वेन यांनी लावलेली नव्हती. मानसोपचारतज्ज्ञ वॉल्टर मॅक्ले यांना लंडनच्या एका दुकानात ही चित्रे मिळाली. त्यांवर तारखा नव्हत्या. आजार वाढेल तशी चित्रे बदलत गेली असतील, असे गृहीत धरून ती क्रमाने मांडली गेली. म्हणजे जे सिद्ध करायचे होते, तेच आधी मान्य केले होते. रुग्णालयात दाखल झाल्यानंतरही वेन यांनी सहज ओळखू येणारी मांजरे रंगवली होती. बेथलेममध्ये तर नाताळच्या सजावटीसाठी चक्क आरशांवर. नक्षीदार मांजरांमध्ये लहानपणापासून पाहिलेल्या गालिच्यांचा व कापडांचा प्रभाव असावा, असेही अभ्यासकांना वाटते. त्यांना नेमका कोणता मानसिक आजार होता, याबद्दलही पुढे मतभेद झाले.

वेन आजारी होते, यात शंका नाही. पण एखाद्याची चित्रे विचित्र वाटली म्हणून त्याचे मन बिघडले आहे, असे ठरवता येत नाही. मानसिक आजाराचे निदान रुग्णाशी बोलून, त्याच्या वागण्यातले बदल आणि ते किती काळ टिकले हे पाहून, घरच्यांकडून माहिती घेऊन केले जाते.