राणीच्या बागेतील स्मरण : डॉ. भाऊ दाजी लाड

भायखळ्याच्या राणीच्या बागेत मुंबईच्या कित्येक पिढ्यांचे बालपण गेले. हत्ती-माकडे पाहून परतणाऱ्या त्या गर्दीतील फार थोडे लोक प्रवेशद्वाराजवळच्या देखण्या वास्तूत डोकावत. ही वास्तू म्हणजे मुंबईतील सर्वांत जुने वस्तुसंग्रहालय होय. १ नोव्हेंबर १९७५ रोजी तिला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले. ज्यांनी आयुष्यभर विस्मृतीत गेलेल्या गोष्टी उजेडात आणल्या, त्यांचेच नाव मिरवणारी वास्तू पुढे दुर्लक्षाच्या छायेत गेली आणि पुन्हा सावरली.

रामकृष्ण विठ्ठल लाड हे भाऊंचे खरे नाव. एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात गोव्यातील मांद्रे गावी एका सामान्य कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील मुलाला घेऊन मुंबईस आले. बुद्धिबळातील त्याची चमक पाहून एका इंग्रज गृहस्थाने त्याला इंग्रजी शिक्षण देण्याचा आग्रह धरला, असे सांगतात. एल्फिन्स्टन संस्थेत विद्यार्थी म्हणून आणि नंतर शिक्षक म्हणून त्यांनी नाव मिळवले. काठेवाड आणि कच्छमधील बालिकाहत्येवरील त्यांच्या निबंधास पारितोषिक लाभले. १८४५ मध्ये ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय सुरू होताच ते त्याच्या पहिल्या तुकडीत दाखल झाले आणि १८५१ मध्ये पदवीधर झाले.

वैद्यकीय व्यवसायात त्यांना पैसा आणि कीर्ती दोन्ही मिळाली. मात्र गरिबांसाठी धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासह त्यांनी धर्मार्थ दवाखाना चालवला. कुष्ठरोगावरील वनस्पतिज औषधाचा शोध त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही. बॉम्बे असोसिएशन, मुलींच्या शाळा, नवे विद्यापीठ अशा प्रत्येक सार्वजनिक कार्यात ते अग्रभागी होते. १८६९ आणि १८७१ असे दोनदा ते मुंबईचे शेरीफ झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय.

रुग्णांच्या गर्दीतून उरलेला वेळ ते प्राचीन लेखांना देत. पंडित भगवानलाल इंद्रजी या जुनागडच्या तरुणाची पारख करून त्यांनी त्याला आपल्याकडे आणले आणि स्वखर्चाने ठिकठिकाणी पाठवले. अजिंठ्याचे झिजलेले शिलालेख, गिरनारचा रुद्रदामनाचा लेख यांच्या नव्या नकला करून भाऊंनी त्यांचे वाचन प्रसिद्ध केले. जुन्या नकलांवर विसंबून न राहता पुन्हा मूळ दगडाकडे जायचे, ही त्यांची रीत होती.

संग्रहालयाची कथा याच काळातील. सरकारने जमवलेला कलाकौशल्याच्या आणि नैसर्गिक वस्तूंचा संग्रह फोर्टमधील एका बराकीत ठेवलेला होता. १८५७ च्या उठावाच्या वेळी लष्कराला ती जागा हवी झाली. वस्तू घाईघाईने बाहेर काढल्या गेल्या आणि पुष्कळशा नष्ट झाल्या. पुढच्याच वर्षी डॉ. जॉर्ज बर्डवूड, नाना शंकरशेट आणि भाऊ दाजी यांच्या पुढाकाराने लोकवर्गणीतून स्वतंत्र इमारत उभारण्याचे ठरले. भाऊ समितीचे चिटणीस झाले. शिवडी येथील अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीची बाग भायखळ्यास हलवण्यात आली आणि १९ नोव्हेंबर १८६२ रोजी नवे उद्यान लोकांसाठी खुले झाले. त्याच वर्षी संग्रहालयाची कोनशिला बसली. वनस्पती, कला आणि उद्योग यांचे ज्ञान सामान्य माणसाला एकाच आवारात मिळावे, हा त्यामागील हेतू होता.

परंतु १८६५ मध्ये कापसाच्या तेजीवर उभा राहिलेला शेअरांचा बाजार कोसळला. शेकडो घराणी धुळीस मिळाली. भाऊंचीही सारी पुंजी त्यात बुडाली. वर्गणीचा ओघ आटला आणि इमारत अर्धवट राहिली. अखेर सरकार आणि नगरपालिका यांच्या पैशातून काम पुरे होऊन २ मे १८७२ रोजी संग्रहालय उघडले. पक्षाघाताने खचलेले भाऊ त्यानंतर दोन वर्षांनी, ३१ मे १८७४ रोजी निवर्तले. सोसायटीही १८७३ मध्ये संपुष्टात आली होती. बागेची जबाबदारी नगरपालिकेकडे गेली.

पुढे बागेत प्राणिसंग्रहालय आले आणि लोकांचे लक्ष पिंजऱ्यांकडे वळले. संग्रहालयात ओल शिरली, नक्षीकामावर रंगाचे थर चढले, उघड्या विजेच्या तारा भिंतींवरून धावू लागल्या. २००३ मध्ये मुंबई महापालिका, इंटॅक आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांच्यात करार होऊन जीर्णोद्धार सुरू झाला. रंगाच्या थरांखालील मूळ नक्षी शोधून ती पुन्हा आकारास आणण्यात आली, छताची सोनेरी कलाकुसर उजळली, जुन्या फरशा जपल्या गेल्या, तारा दृष्टीआड झाल्या. २००५ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागातील सर्वोच्च वारसा पुरस्कार या कामास मिळाला आणि २००८ मध्ये वास्तू पुन्हा खुली झाली. नवा साज चढवण्यापेक्षा मूळ जे आहे ते वाचण्यावर येथे भर होता. शिलालेखांच्या बाबतीत भाऊंची रीत याहून वेगळी नव्हती.

बागेची कसोटी मात्र अधिक अवघड ठरली. २००७ मध्ये तेथे आंतरराष्ट्रीय दर्जाचे प्राणिसंग्रहालय उभारण्याची योजना पुढे आली, तेव्हा गोरखचिंच, उर्वशी, कैलासपती अशा जुन्या वृक्षांच्या काळजीने नागरिक एकत्र आले. इमारतीचे गेलेले छत कारागीर पुन्हा घडवू शकतात. शंभर वर्षांचा वृक्ष तोडला, तर त्याच्या जागी रोप लावून पुढची शंभर वर्षे वाट पाहणे एवढेच हाती उरते. जीर्णोद्धाराच्या खर्चापेक्षा वर्षानुवर्षांची निगा अधिक मोलाची असते, ती यासाठीच.

भाऊंच्या हयातीत पैसा आला आणि गेला. त्यांनी जमवलेली लोकांची आस्था तेवढी टिकली. तिच्या बळावर ही वास्तू एकदा उभी राहिली आणि सव्वाशे वर्षांनी दुसऱ्यांदा सावरली. त्या आस्थेत खंड पडू नये, हेच त्यांचे उचित स्मारक ठरेल.