स्फटिकांचे उपासक पिएर क्यूरी

पॅरिस येथे १५ मे १८५९ रोजी एका डॉक्टरांच्या घरी पिएर क्यूरी यांचा जन्म झाला. लहानपणी ते मंद वाटत. एका विषयात मन गुंतले की ते तेथून हलत नसे. तास संपला म्हणून दुसरे पुस्तक उघडणे त्यांना जमण्यासारखे नव्हते. वडिलांनी हे ओळखून त्यांना शाळेत घातलेच नाही. असे वडील थोड्यांनाच लाभतात. आईवडील आणि थोरले बंधू झाक यांनी त्यांना घरीच शिकविले. चौदाव्या वर्षी गणिताचे एक चांगले शिक्षक मिळाले आणि मुलाची बुद्धी झपाट्याने फुलू लागली. अठराव्या वर्षी ते पदवीधर झाले व पुढील वर्षी सॉर्बोन येथील प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून काम करू लागले.

झाक हे खनिजांचा अभ्यास करीत. दोघा भावांना स्फटिकांचा नाद लागला. काही स्फटिक तापविले असता त्यांच्या टोकांवर विद्युद्भार येतो, हे पूर्वीपासून ठाऊक होते. अशा स्फटिकांची घडण एका बाजूस एक व उलट बाजूस निराळी असते. मग नुसत्या दाबानेही विद्युत् का उत्पन्न होऊ नये? १८८० साली त्यांनी टूर्मलीन, पुष्कराज, गारगोटीच्या जातीचे क्वार्ट्झ, इतकेच काय, उसाच्या साखरेचेही स्फटिक योग्य दिशेने कापून दाबून पाहिले. प्रत्येक वेळी विद्युत् उत्पन्न झाली. त्या वेळी पिएर अवघे एकवीस वर्षांचे होते.

पुढल्याच वर्षी गाब्रिएल लिपमन या शास्त्रज्ञांनी गणिताने दाखवून दिले की, याच्या उलटही घडले पाहिजे. विद्युत् लावताच स्फटिकाचा आकार बदलला पाहिजे. याचे कारण आज नीट सांगता येते. क्वार्ट्झमध्ये सिलिकॉनचे कण धन आणि ऑक्सिजनचे कण ऋण विद्युद्भाराचे असतात. विद्युत्क्षेत्रात धन कण एकीकडे व ऋण कण दुसरीकडे ओढले जातात. मांडणी दोन्ही बाजूंनी सारखी असती, तर एका बाजूचे ताणणे दुसऱ्या बाजूच्या आखडण्याने भरून निघाले असते. क्वार्ट्झमध्ये ती तशी नसते. म्हणून स्फटिकाची सारी जाळी एका दिशेने लांबते आणि आडव्या दिशेने आखडते. क्षेत्र उलटे केले की लांबणारी बाजू आखडते. क्षेत्र काढून घेतले की जाळी पूर्ववत होते.

परंतु हा बदल अतिशय सूक्ष्म असतो. एका मिलिमीटरचे दहा लक्ष भाग कल्पिले, तर १,००० व्होल्ट लावूनही क्वार्ट्झची चकती त्यांतील दोन-अडीच भागच जाड होते. तो पाहावा कसा? क्यूरी बंधूंनी एका स्फटिकाशेजारी दुसरा स्फटिक घट्ट आवळून बसविला. पहिल्याला विद्युत् लावताच तो प्रसरण पावे, दुसऱ्यावर दाब पडे आणि दुसऱ्यात विद्युत् उत्पन्न होई. ती मोजता येत असे. लिपमन यांचे अनुमान खरे ठरले.

१८८३ साली झाक माँपेल्ये येथे अध्यापनासाठी गेले आणि भावांची जोडी फुटली. पिएर यांना पॅरिसमधील एका औद्योगिक विद्यालयात नोकरी मिळाली होती. तेथे त्यांनी बावीस वर्षे काढली. स्वतंत्र प्रयोगशाळा नव्हती. बराच काळ जिन्याजवळच्या बोळात त्यांचे प्रयोग चालत.

१८९५ साली त्यांचा मारी स्क्लोडोव्हस्का यांच्याशी विवाह झाला. याच पुढे मादाम क्यूरी म्हणून जगाला माहीत झाल्या. युरेनियमच्या किरणांमुळे हवेतून वाहणारी अत्यल्प विद्युत् त्यांना मोजावयाची होती. तेथे भावांचे जुने क्वार्ट्झ कामास आले. क्वार्ट्झच्या पट्टीला वजन टांगले की ठरावीक विद्युत् मिळे. तिच्याशी तोलून किरणांचे बळ कळे. या मापनातूनच, पिचब्लेंड हे खनिज त्यातील युरेनियमच्या मानाने फार अधिक किरण सोडते, असे आढळले. त्यात काही अज्ञात द्रव्य असलेच पाहिजे! हाती घेतलेले स्फटिकांचे काम बाजूस ठेवून पिएर पत्नीच्या शोधात सामील झाले. १८९८ साली पोलोनियम व रेडियम यांचा शोध लागला आणि १९०३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

१९ एप्रिल १९०६ रोजी पावसाने निसरड्या झालेल्या रस्त्यावर, घोडे जुंपलेल्या मालगाडीखाली सापडून पिएर क्यूरी यांचा अंत झाला. स्फटिकाला विद्युतीने हलविण्याचा मोठा उपयोग तोवर कोणी केला नव्हता. तो पहिल्या महायुद्धात, त्यांचेच शिष्य पॉल लांजव्हँ यांनी केला. क्वार्ट्झच्या चकत्यांना सतत दिशा बदलणारी विद्युत् लावून त्यांनी पाण्यात कानाला न ऐकू येणारे ध्वनी सोडले आणि पाणबुड्यांवरून परतणारे प्रतिध्वनी तशाच चकत्यांनी टिपले.