एकट्याचे मत

बाबासाहेबांनी ज्या तिघांना गुरू मानले, त्यांतले एक महात्मा जोतीराव फुले. त्यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली, त्यापायी पुढे वडिलांचे घर सोडावे लागले. १८६८ साली आपल्या घरचा पाण्याचा हौद त्यांनी अस्पृश्यांना खुला केला. या गोष्टी आपल्या घराघरांत माहीत आहेत. एक गोष्ट मात्र कमी सांगितली जाते.

१८७६ ते १८८२ जोतीराव पुणे नगरपालिकेचे सभासद होते. नेमणूक सरकारनेच केलेली. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास यायचे होते. त्यांच्या स्वागतावर हजार रुपये खर्चण्याचा ठराव आला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावावा, असे जोतीरावांचे म्हणणे होते. ठरावाविरुद्ध मत पडले ते त्यांचे एकट्याचे. ठराव मंजूर झाला. जोतीराव हरले, पण वाकले नाहीत.

१८८८ साली पक्षाघाताने उजवा हात गेला, तेव्हा ते डाव्या हाताने लिहू लागले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले.

बंधू-भगिनींनो, आज आपली माणसेही पंचायतीत, कमिट्यांत बसतात. खर्चाचा ठराव आला की हात वर करण्यापूर्वी विचारावे : पैसा कोणाचा, आणि जातो कोणासाठी?