लाइटनर विटमर : पहिल्या मानसशास्त्रीय क्लिनिकचे संस्थापक

मानसशास्त्रज्ञ होण्यासाठी नुसती पुस्तके वाचून भागत नाही. अनुभवी तज्ज्ञाच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष माणसांबरोबर काम करावे लागते. हा विचार रुजवणाऱ्यांत डॉ. लाइटनर विटमर यांचे नाव अगदी वरचे आहे.

विटमर यांचा जन्म २८ जून १८६७ रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे झाला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची पदवी घेतल्यावर काही काळ ते शाळेत शिकवत होते. पुढे जर्मनीतील लाइपझिग येथे प्रायोगिक मानसशास्त्राचे प्रवर्तक विल्हेल्म वुंट यांच्याकडे त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि आपल्याच विद्यापीठात ते अध्यापन करू लागले. तेव्हाचे मानसशास्त्र मुख्यतः प्रयोगशाळेत रमलेले होते.

मार्च १८९६ मध्ये त्यांच्याकडे शिकणाऱ्या एका शिक्षिकेने १४ वर्षांच्या मुलाची अडचण त्यांच्यापुढे मांडली. मुलगा बुद्धीने चांगला, पण स्पेलिंग काही केल्या जमेना. तपासणीत त्याच्या डोळ्यांत दोष आढळला. चष्म्याने थोडा फरक पडला, तरी मूळ अडचण राहिली. म्हणून त्याला वेगळ्या पद्धतीने शिकवणे सुरू झाले. मनाची अडचण शोधताना शरीरही तपासले पाहिजे, हा धडा विटमर यांनी कायम लक्षात ठेवला. त्याच वर्षी त्यांनी विद्यापीठात जगातले पहिले मानसशास्त्रीय क्लिनिक सुरू केले. तेथे मुलांच्या तपासणीसाठी डॉक्टरांचीही मदत घेतली जाई.

डिसेंबर १८९६ मध्ये मानसशास्त्रज्ञांच्या परिषदेत त्यांनी अशा कामासाठी स्वतंत्र प्रशिक्षणाची योजना मांडली. सहकाऱ्यांनी फारसा उत्साह दाखवला नाही. विटमर थांबले नाहीत. क्लिनिकमध्ये विद्यार्थी घडत राहिले. १९०७ मध्ये त्यांनी स्वतःचे नियतकालिक काढले आणि या नव्या व्यवसायाला ‘क्लिनिकल सायकॉलॉजी’ हे नाव दिले. १९३७ मध्ये ते निवृत्त झाले.

कायदा मात्र बराच मागे राहिला. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञांसाठी पहिला राज्य कायदा १९४५ मध्ये कनेक्टिकटने केला. संशोधन आणि प्रत्यक्ष काम या दोन्हींचे शिक्षण हवे, हे सूत्र १९४९ च्या बोल्डर परिषदेने स्वीकारले. विटमर यांचे निधन १९ जुलै १९५६ रोजी झाले. सर्व राज्यांत कायदे व्हायला १९७७ उजाडले.

आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी १९९२ च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. त्यासाठी परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. औषधे लिहून देणारे मनोविकारतज्ज्ञ वेगळे. ते वैद्यकीय पदवीधर असतात. म्हणून मुलाला किंवा घरातल्या कोणाला क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे नेण्यापूर्वी त्यांचे शिक्षण आणि परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारावा. त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. चुकीच्या हाती पडलेल्या मुलाची वर्षे वाया जातात, आणि ती परत मिळत नाहीत.