पुलयांच्या नावे पत्र नाही

नव्या करारात प्रेषित पौलाची पत्रे आहेत. रोमकरांस, करिंथकरांस, गलतीकरांस, इफिसकरांस. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी त्रावणकोर संस्थानातील एक अस्पृश्य उपदेशक आपल्या माणसांपुढे ही यादी ठेवीत आणि विचारीत की, यात त्रावणकोरच्या पुलयांच्या नावे एक तरी पत्र आहे काय? पत्र नाही, म्हणजे या ग्रंथात पुलयांसाठी संदेशही नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. आम्ही वकिली करणारी माणसे. नोटीस हाती आली की ती कोणाच्या नावे निघाली हे आधी पाहायचे, ही आमची सवय. परंतु धर्मग्रंथही त्याच नजरेने वाचता येतो, हे आम्हाला या माणसाने दाखवले.

हे पोयकयिल योहन्नान. केरळातील अनुयायी त्यांना अप्पच्चन म्हणतात, म्हणजे बाप. अय्यनकालींच्या बरोबरीने तेथे त्यांचे नाव घेतले जाते. महाराष्ट्रातील आमच्या कार्यकर्त्यांना मात्र ते फारसे ठाऊक नाही.

१८७९ साली तिरुवल्लाजवळच्या इरविपेरूर गावी परया जातीत त्यांचा जन्म झाला. मूळ नाव कोमरन. आईबाप एका सीरियन ख्रिस्ती जमीनदार घराण्याचे गुलाम. येथे वाचकांनी थांबावे. गुलामांचे मालक केवळ नंबुद्री आणि नायर नव्हते. संत थॉमसने आमच्या ब्राह्मण पूर्वजांना बाप्तिस्मा दिला अशी वंशकथा मिरवणारे ख्रिस्तीही होते. त्या मुलखात गुलामाची विक्री होई, त्याला गहाण टाकले जाई, शेतीच्या अवजारासारखे भाड्यानेही दिले जाई. नवरा एका मालकाकडे, बायको दुसऱ्याकडे, पोर तिसऱ्याकडे. १८५५ साली संस्थानने जाहीरनामा काढून गुलामी रद्द केली खरी, पण जाहीरनामा दरबारात निघतो आणि माणूस राबतो चिखलात. कोमरन जन्मला तेव्हा त्या जाहीरनाम्याला चोवीस वर्षे झाली होती, तरी मालकाचे घर तेच होते.

मालकाच्या धर्मात गेल्याने कोमरनचा योहन्नान झाला. मार थोमा चर्चमध्ये ते अक्षरे शिकले, बायबल मुखोद्गत केले आणि उपदेशक झाले. त्यांच्या वाणीने माणसे खिळून राहत. मात्र बाप्तिस्मा एकच असला तरी बसायची जागा वेगळी, प्रार्थनाघर वेगळे, आणि मेल्यावर मातीही वेगळी. परया ख्रिस्ती झाला तरी परया ख्रिस्तीच राहिला. योहन्नान ते चर्च सोडून ब्रदरन पंथात गेले. तेथेही तीच शिवाशीव. मग तेही सोडले. वाकत्तानमच्या सभेत त्यांनी बायबल जाळले. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली महाडला मनुस्मृतीचे दहन झाले ते २५ डिसेंबर १९२७ रोजी. ही घटना त्याच्या बरीच आधीची. दोन्ही ग्रंथ सारखे आहेत असे आम्ही म्हणत नाही. मनुस्मृती शूद्रातिशूद्रांचे नाव घेऊन त्यांना दंड सांगते. बायबलात पुलयाचे नावच नाही. योहन्नानांचा राग त्या गैरहजेरीवर होता.

१९०९ साली त्यांनी प्रत्यक्ष रक्षा दैव सभा स्थापन केली. नावातला प्रत्यक्ष हा शब्द महत्त्वाचा. चर्च सांगे, सोस, मेल्यावर तारण आहे. अप्पच्चन म्हणत, तारण डोळ्यांना दिसले पाहिजे, याच देहात, याच जमिनीवर. बायबल जाळणाऱ्या या माणसाने बायबलातील कल्पना मात्र टाकल्या नाहीत. त्यांचा धनी बदलला. तारण पाहिजे ते गुलामांच्या वंशजांना. पवित्र इतिहास सांगायचा तो बाजारात ताटातूट झालेल्या आईबापांचा आणि मागे उरलेल्या अनाथ लेकरांचा. त्यांची मल्याळम गीते याच ताटातुटीने भरलेली आहेत, आणि आपल्या लोकांची कोणत्याच इतिहासात नोंद नाही हे दुःखही त्यांत आहे. सभेत ही गीते सुरू झाली की लोक धाय मोकलून रडत.

आणखी एक गोष्ट आमच्या विशेष जिव्हाळ्याची. परया आणि पुलया एकमेकांचा विटाळ मानत. अप्पच्चनांनी या जातींना सांगितले की तुम्ही एकाच गुलामगिरीची लेकरे आहात, तुमची जात ही मालकांनी केलेली वाटणी आहे. आमच्याकडे महार, मांग, चांभार एका पंगतीला बसवताना किती कार्यकर्त्यांची हयात गेली, ते आठवावे.

ते केवळ गाणी म्हणत बसले नाहीत. जमिनी विकत घेतल्या, शाळा काढल्या. १९२१ आणि १९३१ साली त्रावणकोरच्या श्रीमूलम प्रजासभेवर त्यांची नियुक्ती झाली, आणि तेथे त्यांनी आपल्या लोकांसाठी जमीन व शिक्षण मागितले. १९३९ साली ते गेले.

अनुयायांनी त्यांना देव केले. हे आम्हाला पटत नाही. ज्याने ग्रंथाला प्रश्न विचारला, त्याचीच आरती सुरू झाली की प्रश्न संपतो. पण इरविपेरूरला त्यांच्या समाधीवर जाणाऱ्या माणसाला हसण्याचा अधिकार आम्हाला नाही. शतकानुशतके ज्याला माणूस म्हणूनही मोजले नाही, त्याने आपल्यातल्याच एकात देव पाहिला, तर त्यामागची भूक समजून घेतली पाहिजे.

धर्म बदलून जात जात नाही, हे अप्पच्चनांना चर्चमध्ये बसून कळले. बाबासाहेबांनीही धर्मांतरित ख्रिश्चनांच्या स्थितीवर लिहिताना चर्चला हाच जाब विचारला आहे. कायद्याने मात्र उलटे गृहीत धरले. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशातील तिसऱ्या परिच्छेदाने हिंदू नसलेल्यांना यादीबाहेर ठेवले. १९५६ साली शीख आत आले. आम्ही बौद्ध आलो १९९० साली, चौतीस वर्षे मोर्चे आणि निवेदने करून. दलित ख्रिश्चनांना त्या दुरुस्तीत घेतले नाही. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ साली तो परिच्छेदच काढण्याची शिफारस केली. सरकारने ती मानली नाही. सर्वोच्च न्यायालयात २००४ सालीच याचिका दाखल झाली होती, आणि २०२२ साली केंद्राने न्या. के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक आयोग नेमला. दलित ख्रिश्चनांना आत घेतले तर आपला वाटा घटेल, अशी कुजबुज आमच्याही वस्त्यांत चालते. ती आम्ही स्वतःच्या कानांनी ऐकली आहे, आणि १९९० पूर्वी हीच कुजबुज आमच्याविषयी कोण करत होते तेही आम्हाला चांगले आठवते.